उलाळ

परक्या मुलखातून आलेल्या वस्तूला मराठी नाव देण्याची खोड आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना असते. वस्तू बिचारी निमूटपणे आपले काम करीत असते. आम्ही मात्र तिचे बारसे केल्याशिवाय तिला घरात घेत नाही. वीस वर्षे वर्गात उभी राहून मीही अशी पुष्कळ बारशी केली आहेत, आणि त्यांतली बहुतेक नावे परीक्षेच्या पेपरापलीकडे जगलेली नाहीत हेही मला ठाऊक आहे. म्हणून यंदाच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या दारात, त्याच्या चिमुकल्या मोटारीच्या मागल्या अंगाला सायकली वाहून नेण्याचा लोखंडी सांगाडा बसवायचे ठरले, तेव्हा त्या सांगाड्याला आणि तो ज्या चौकोनी नळीत खुपसायचा तिला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही. भाऊ नळीला ‘हिच’ म्हणे आणि सांगाड्याला ‘रॅक’. मीही तेच म्हणू लागले. मराठी शब्द आला खरा; पण तो माझ्याकडून आला नाही, आणि वस्तूलाही आला नाही.

भाऊ कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाच्या गावी असतो. तिथल्या विद्यापीठात टोमॅटोच्या रोगांवर तो काम करतो. हे विद्यापीठ मुळात शेतीशाळा म्हणून सुरू झाले, त्यामुळे गावाच्या कडेला अजूनही शेते आहेत, गोठे आहेत, आणि वारा पडला की शेणाचा ओळखीचा वास येतो. आईला तो वास आला तेव्हा कुठे तिला आपण माणसांच्या मुलखात आलो असे वाटले, असे भाऊ सांगत होता. गाव तळहातासारखे सपाट आणि सायकलींनी भरलेले. १९६७ साली रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा आखून घेणारे अमेरिकेतले हे पहिले गाव. नगरपालिकेने आपल्या चिन्हावरही सायकलच काढली आहे, तीसुद्धा जुन्या तऱ्हेची, पुढचे चाक माणसाएवढे आणि मागचे ताटाएवढे असलेली. माझा भाऊ कॉलेजात असताना एसटीच्या टपावर सायकल टाकून गावी येत असे. कंडक्टरची मनधरणी करायची, शिडीवरून सायकल वर चढवायची, काथ्याच्या दोरीने टपाच्या कठड्याला बांधायची आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला वर कान लावून बसायचे. त्याला हे गाव मानवले यात नवल काही नाही.

पण गावातल्या गावात सायकल किती फिरवणार? शेजारच्या सॅक्रामेंटो शहरातून अमेरिकन नदीच्या काठाने फोल्सम तलावापर्यंत ३२ मैलांचा एक पक्का रस्ता केवळ सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी आहे. भावाला आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला त्या रस्त्याचे वेड. आणि तिथे जायचे तर सायकली मोटारीतून न्याव्या लागतात.

मोटार म्हणजे २०१२ सालची हाँडा फिट. आपल्याकडे हीच गाडी जॅझ या नावाने २०२३ पर्यंत विकली जात होती. आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांकडे ती आहे. गाडी लहान, पण तिच्या पोटात एक युक्ती आहे. मागच्या बाकाची बैठक नाटकगृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते, नाहीतर पाठच खाली पाडून सपाट करता येते. मग पुढची चाके काढून दोन सायकली आत सहज मावतात. सायकली मावतात, मागे बसणारी माणसे मावत नाहीत.

वडील गेल्याला वर्ष झाले आणि एप्रिलात भाऊ येऊन आईला सहा महिन्यांसाठी डेव्हिसला घेऊन गेला. मी मे महिन्याच्या सुटीत पाच आठवड्यांसाठी गेले. गेल्या गेल्या पहिल्या रविवारी मी पाहिले ते असे: सकाळी चहा झाला, भाचीने शिरस्त्राण चढवले, आणि आई म्हणाली, “तुम्ही जावा. मला आज अळूवड्या करायच्यात.” अळू डेव्हिसला मिळते कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. भावजयही मागे राहिली. मग तिनेच मला हळूच सांगितले की त्याआधीच्या रविवारी आईचे गुडघे दुखत होते, त्याच्याही आधीच्या रविवारी चतुर्थी होती, आणि ती चतुर्थी कोणत्या पंचांगातली हे तिला अजून कळलेले नाही. आईने गाडीच्या मागच्या बाकाकडे एकदा पाहून घेतले होते, आणि सायकली आत गेल्या की आपण बाहेर, एवढा हिशेब करून ती मोकळी झाली होती. गुडघे तिचे माझ्यापेक्षा बरे आहेत.

भाऊ याविषयी एक अक्षर बोलला नाही. तो लहानपणापासून असाच आहे. मे अखेरच्या सोमवारी तिकडे सुटी असते. त्याच्या दोन दिवस आधी दारात दोन लांबट खोकी येऊन पडली.

मोटारीवर सायकली न्यायच्या तर तीन वाटा आहेत, असे त्याने मला समजावले. एक टपावर. त्यात सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते, आणि सायकली टपावर आहेत हे विसरून गाडी घरच्या गॅरेजात घातली की एका क्षणात सायकल, टप आणि गॅरेजची तुळई या तिघांचीही ओळख पटते. दुसरी वाट म्हणजे डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचा सांगाडा. तो स्वस्त असतो, आपल्याकडेही पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींच्या गाड्यांवर तो दिसतो. त्याचे सगळे ओझे मात्र डिकीच्या दाराच्या पातळ पत्र्यावर आणि चार-सहा आकड्यांवर असते. पट्टे सैल पडत राहतात आणि डिकी उघडायची तर सगळे उतरवावे लागते. तिसरी वाट हिचची. गाडीच्या पोटाखाली, चासीच्या पोलादाला एक आडवी दणकट नळी कायमची बोल्टांनी जखडायची. तिच्या मध्यावर मागे तोंड करून एक चौकोनी नळी असते, तिच्यात रॅकची दांडी खुपसायची आणि आरपार खीळ घालायची. रॅक नको तेव्हा खीळ काढून तो बाजूला ठेवता येतो. हिच मात्र राहते.

“कायमची?” मी विचारले.

“बोल्ट आहेत, निघतात की,” तो म्हणाला. “पण कोण काढतंय?”

या चौकोनी नळ्यांचीही मापे ठरलेली. मोठ्या गाड्यांना दोन इंची, आमच्यासारख्या लहान गाडीला सव्वा इंची. सव्वा इंची हिचचा जो सर्वांत हलका वर्ग, तो २००० पौंडांपर्यंतचा गाडा ओढण्यासाठी आणि २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, खाली दाबणारा भार पेलण्यासाठी असतो. गंमत अशी की फिटच्या पुस्तकात या गाडीने काहीही ओढू नये असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ओढण्याच्या साधनाचा उपयोग न ओढता केवळ वाहण्यासाठी करायचा. त्या खाली दाबणाऱ्या भाराचे इंग्रजी नाव ऐकून माझे कान टवकारले. मागे जोडायच्या गाड्याच्या दांडीला तिकडे जीभ म्हणतात, आणि ती दांडी हिचवर जेवढी दाबते ते तिचे ‘जिभेचे वजन’. गाडा नीट चालायचा तर त्याच्या एकंदर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जिभेवर असावा. त्याहून फार कमी झाला तर गाडा मागे डुलू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही डोलवतो. मी हे ऐकून हसले. आमच्या घराण्यात जिभेचे वजन नेहमीच कमी. आई सोडली तर कुणी कामापलीकडे बोलत नाही.

पहिल्या रात्री भाऊ माझ्याशी तेवढेच बोलला होता. “ताई, आईला इथंच ठेवून घ्यावं म्हणतोय. मी इथला नागरिक आहे, तिच्यासाठी अर्ज करता येतो.” मी म्हटले, “आईला विचारलंस?” तो म्हणाला, “नाही अजून.” मी “हं” म्हटले आणि आम्ही दोघेही झोपायला गेलो. आई गावच्या घरी एकटी असते. मी कराडला. दर शनिवारी संध्याकाळची एसटी धरून मी तिच्याकडे जाते आणि सोमवारी पहाटे परतते. वडील गेल्यापासून हे चालू आहे. तो अर्ज झाला तर माझे शनिवार मोकळे होतील, असे त्या रात्री माझ्या मनात आले, आणि बराच वेळ झोप आली नाही.

सोमवारी सकाळी काम निघाले. गॅरेजवाल्याने हिचच्या किमतीएवढीच मजुरी सांगितली होती, म्हणून भाऊ स्वतःच बसवणार होता. पण मजुरी नसती तरी त्याने स्वतःच बसवली असती. मागची चाके लोखंडी उतारांवर चढवली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नये, हे त्याने भाचीला तीनदा सांगितले. बोल्टांच्या जागी आदल्या रात्रीच तेल मारून ठेवले होते. सायलेन्सर रबराच्या कड्यांवर लोंबकळत असतो हे मला त्या दिवशी कळले. त्या कड्या साबणाच्या पाण्याने ओल्या करून सरकवल्या आणि सायलेन्सर हातभर खाली आला. मी सलवारीचे पाय खोचून, पाठीखाली पुठ्ठा घालून गाडीखाली आडवी झाले होते. हिच अकरा-बारा किलोंची. दोन्ही हातांनी ती वर धरून ठेवायची, हे माझे काम.

आई दारातल्या बाकावर मटार सोलीत बसली होती.

खरे कौशल्याचे काम निघाले ते चासीच्या पोकळ पट्टीत बोल्ट घालण्याचे. ही पट्टी म्हणजे बंद चौकोनी नळी. बोल्टाचे डोके आतून अडले पाहिजे आणि दांडा भोकातून खाली लोंबला पाहिजे. आत हात जात नाही. त्यासाठी खोक्यात एक तार दिलेली असते, तिच्या टोकाला स्प्रिंगसारखी वेटोळी. बोल्टाच्या भोकातून तार आत घालायची, पलीकडच्या मोठ्या भोकातून ती बाहेर काढायची, तिथे वेटोळ्यात बोल्टाचे आटे फिरवून बसवायचे, आणि तार हळूहळू मागे ओढून बोल्ट आपल्या भोकापर्यंत आणायचा. भावाने दोनदा ओढला, दोनदा बोल्ट वेटोळ्यातून सुटून आत पडला. एकदा तो लोहचुंबकाने बाहेर काढावा लागला. तिसऱ्यांदा तो तोंडाने काही पुटपुटला, ते भाचीने ऐकू नये म्हणून मी खोकले.

“दाखव बघू,” आई उठून वाकली. “ही तर नाडी ववायची हाय. वढू नगंस. पुढनं ढकल आनि मागनं नुस्ती वाट दाव.”

म्हणजे एका माणसाने मोठ्या भोकातून बोल्ट बोटाने रेटायचा आणि दुसऱ्याने तार नुसती ताठ धरायची. परकराच्या नेफ्यात अडकलेली नाडी ओढून कधी येत नाही. कापड चुण्या करीत पुढे सारावे लागते. भाऊ रेटू लागला, मी तार धरली, आणि बोल्ट शहाण्या मुलासारखा भोकातून खाली आला. दुसऱ्या बाजूचा त्याहून लवकर आला. चाक्या हाताने बसल्या, वायसर चढले, आणि मी हात मोकळे करून बाहेर आले तेव्हा माझ्या खांद्यांना कंप सुटला होता.

यानंतर त्याने टॉर्कचा पाना काढला. या पान्यावर आकडा लावून ठेवतात आणि तेवढ्या जोराला तो टक् असा आवाज करून सांगतो की पुरे. बोल्ट आवळणे म्हणजे त्याला किंचित ताणणे, हे माझ्यासारखीला नवीन होते. पोलादाचा बोल्ट रबरासारखा इवलासा लांबतो आणि परत आखडण्याच्या ओढीने दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. ओझे पेलतात ते खरे म्हणजे एकमेकांवर दाबलेले ते पत्रे. बोल्ट नुसता त्यांना सुटू देत नाही. कमी आवळला तर रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होत जातो. अति आवळला तर आटे जातात, किंवा ताण न सोसून तो एक दिवस भलत्या ठिकाणी तुटतो. आमच्या कराडच्या गॅरेजातली पोरे पान्याला नळी अडकवून हाताच्या अंदाजाने आवळतात आणि त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही. पण इथे चुकले तर चाळीस-पन्नास किलोंचे लोखंड पासष्ट मैलांच्या वेगाने मागच्या मोटारीच्या काचेवर जाणार. त्या मोटारीतही कुणाची तरी आई असते. भाऊ एकेक बोल्ट ऐकत होता. टक्. टक्. मला वाटत होते, या प्रत्येक टकेसरशी आईची इथली जागा पक्की होते आहे, आणि ती पक्की करायला खालून हात मीच लावला.

रॅकची दांडी नळीत गेली, अर्ध्या इंचाची खीळ बसली. दांडी नळीत सहज जायची म्हणजे दोहोंत थोडी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीमुळे सगळा सांगाडा खडखडतो. म्हणून खिळीच्या जागी आटे असलेला बोल्ट घालून दांडी नळीच्या एका अंगाला घट्ट ओढून घेतात. ते झाले. रिकामा सांगाडा गाडीच्या मागे दोन हात पसरून उभा राहिला. गाडी लहान आणि तो मोठा. भाऊ दोन पावले मागे सरून कौतुकाने पाहू लागला.

आईने मटाराची परात बाजूला ठेवली. गाडीकडे पुढून मागून पाहिले आणि म्हणाली, “अरं, समदं वझं आसाच्या मागं. गाडी उलाळ हुईल की.”

भाऊ जागच्या जागी थांबला.

“उलाळ म्हणजे?” भाचीने विचारले. तिला मराठी समजते, पण शेतातले मराठी तिच्यापर्यंत पोचलेले नाही. दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात मी हा शब्द विचारते. वर्गात निम्मी मुले शेतकऱ्यांची असतात, तरी हात वर होतो तो एखाददुसरा; त्यांच्या शेतावर आता ट्रॅक्टर आहे. आईने व्याख्या केली नाही. तिने नातीला त्या लाकडी बाकाच्या अगदी टोकाला, पायाच्या बाहेर, बसायला लावले. बाकाचे दुसरे टोक अलगद वर उचलले गेले आणि पोरगी किंचाळून हसली. “ह्ये बघ. ह्ये उलाळ.”

बैलगाडीत ओझे चाकांच्या आसामागे जास्त झाले की गाडी मागे झुकते, जू वर उचलले जाते, आणि बैलांच्या गळ्याखालची जुपणी त्यांच्या गळ्याला फास बसावा तशी आवळते. मोटारीला गळा नाही. पण तिची पुढची चाके हलकी होतात, आणि फिटला ओढतात ती पुढचीच चाके, वळवतातही तीच. ऊस असो, कडबा असो, गाडी भरून झाली की आमचे वडील बैल जुंपायच्या आधी जू एका हाताने उचलून बघत. फार जड लागले तर दोन मोळ्या मागे, फार हलके लागले तर दोन पुढे. ते डोळे किंचित मिटून घेत, वजन हातात थोडा वेळ खेळवीत, आणि मग मान हलवीत. जिभेच्या वजनाचे दहा ते पंधरा टक्के म्हणतात ते हेच. आम्ही दोघेही गाडीच्या साट्याला लोंबकळून ते पाहत असू.

“आबा जू उचलून बघायचे,” भाऊ म्हणाला.

“डोळे मिटून,” मी म्हटले.

मी तिथे गेल्यापासून आम्ही दोघांनी वडिलांचे नाव काढले ते हे पहिल्यांदा. ते गेले तेव्हा भावाच्या कागदपत्रांचे काहीतरी अडले होते आणि तो तेराव्याला पोचला. त्यावरही आम्ही कधी बोललो नव्हतो. आताही फार बोललो असे नाही. तो खाली बसला, हिचच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडे मांडू लागला, आणि मी शेजारी बसून ते वाचू लागले.

रॅक आणि दोन सायकली मिळून ५० किलो. हे ओझे मागच्या आसापासून साधारण सव्वा मीटर मागे. गाडीच्या दोन आसांमधले अंतर अडीच मीटर, म्हणजे ओझे त्याच्या निम्म्याने मागे. तेव्हा मागच्या चाकांवर ५० नव्हे, ७५ किलो भार वाढणार. आणि वरचे जे २५, ते पुढच्या चाकांवरून उचलले जाणार. गाडी हवेत चढेल असे मुळीच नाही. हिचलाही हे ओझे जड नाही. मात्र तिची ताकद सांगतात ती तिच्या तोंडाशी मोजलेली, आणि सायकली तर तिथून हातभर दूर, प्रत्येक खड्ड्याला हिसके देत बसणार. त्यातच लांब जोडनळी घालून रॅक आणखी मागे नेला तर पुष्कळ कारखानदार ती ताकद निम्मीच धरा म्हणतात. भावाने जोडनळी आणलीच नव्हती. स्वतःची जड सायकल गाडीच्या अंगाला आणि पोरीची हलकी बाहेरच्या अंगाला, एवढा बदल त्याने केला. जडाला जवळ घ्यावे, हे गाडीवानाला शिकवावे लागत नाही.

मग त्याने पुठ्ठ्यावर आणखी एक ओळ लिहिली आणि मान वर न करताच म्हणाला, “आई, तुझं वजन किती?”

“मला काय ठावं? पन्नास असंल.”

“पुढची सीट दोन्ही आसांच्या जवळजवळ मध्यावर येते. म्हणजे निम्मं पुढं. पंचवीस.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “पुढनं पंचवीस उचललं जातंय. तू पुढं बसलीस की गाडी सरळ होते.”

आई त्याच्याकडे पाहत राहिली. तिला आग्रह करून कुणी कुठे नेऊ शकत नाही, हे आमच्या साऱ्या भावकीला ठाऊक आहे. ‘आई, चल ना’ म्हटले असते तर अळूवड्या तयार होत्या. पण गाडी उलाळ होते आणि आपण बसलो तर होत नाही, हे काम झाले. आणि काम पुढे आले की तिने कधी अंग चोरलेले नाही.

“मग बसते की,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही पाचजण फोल्समला गेलो. निघण्यापूर्वी भावाने दरवाजाच्या चौकटीवरचा तक्ता वाचून सगळ्यांच्या वजनांची बेरीज केली, चाकांतली हवा तपासली, आणि बोल्टांवर पुन्हा एकदा पाना लावला. रॅकला धरून गदागदा हलवले: रॅक हलता कामा नये, रॅकबरोबर सबंध गाडी डुलली पाहिजे, ही त्याची परीक्षा. गाडी डुलली. भाचीच्या सायकलीचे टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत होते. गरम धुराने रबर वितळते, म्हणून ते थोडे सरकवले. नंबरपाटी झाकली जात नाही ना, हे पाहिले, कारण पाटी स्पष्ट दिसलीच पाहिजे असा तिथला कायदा आहे. एवढे सगळे झाल्यावर आईने पिशवीतून एक लाल फडके काढले आणि मागच्या सायकलीच्या दांडीला बांधू लागली.

“आजी, त्याची गरज नाही. चार फूट बाहेर आलं तरच लागतं,” भाची म्हणाली. तिने बापाबरोबर हे नियम वाचले होते, आणि कॅलिफोर्नियात तो नियम तसाच आहे.

“असूं दे,” आई म्हणाली, आणि तिने गाठ मारली.

डेव्हिसहून सॅक्रामेंटोला जाताना योलो बायपास नावाचा नदीच्या पुराचे पाणी सोडण्याचा रुंद सखल पट्टा लागतो आणि त्यावरून लांबच लांब पूल जातो. पावसाळ्यात तिथे समुद्र होतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा काही भागात भाताची खाचरे पाण्याने भरलेली होती. आई पुढे बसून एकेका खाचराला नाव ठेवीत होती: बांध सरळ आहेत, पण माणूस एक दिसत नाही. मी मागे, भावजय आणि भाचीच्या मध्ये. मागच्या काचेतून पाहिले तर बाहेरच्या सायकलीचे पुढचे चाक वाऱ्याने आपले आपणच फिरत होते आणि लाल फडके ताठ उभे होते. गाडीच्या पोटातून कसलाही खडखडाट येत नव्हता. मी एसटीत बसल्यासारखी वर कान लावून होते, ही सवय काही जात नाही.

तलावाकाठी बील्स पॉइंटला भाऊ आणि भाची सायकलींवर निघून गेले. आम्ही तिघी झाडाखाली बसलो. आईने मटाराच्या करंज्या आणल्या होत्या. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “त्यानं मला इचारलं न्हाई अजून.”

“काय?”

“जे तुला सांगितलंय त्ये.” ती तलावाकडे बघत होती. “इचारू दे की. म्या काय सांगायचं त्ये सांगीन.”

मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत आले. कॉलेज सुरू झाले. पहिल्या शनिवारी सवयीने एसटी स्टँडवर गेले, आणि मग तशीच गावी जाऊन घराची दारे-खिडक्या उघडून, झाडलोट करून आले. तेव्हापासून दर शनिवारी जाते. कुणी नसले तरी घर उघडावे लागते.

ऑगस्टमध्ये फोनवर आई टोमॅटोच्या गाड्यांचे सांगत होती. डेव्हिसच्या आसपास जुलैपासून टोमॅटोची काढणी चालते, आणि एका ट्रकमागे दोन दोन गाडे जोडून टोमॅटो वाहतात. वळणावर थोडे सांडतात आणि रस्ता लाल होतो. “मागच्या गाड्याचं वझं फुडच्यावर किती येत असंल गं?” तिने विचारले. भावाशी तिचे त्यावरून दोन दिवस चालले होते. ऑक्टोबरात तिची सहा महिन्यांची मुदत संपते. परतीच्या तारखेविषयी ती काही बोलली नाही; मी विचारले नाही. रॅक काढून ठेवला का, एवढे विचारले. “कशाला काढायचा? दर आइतवारी लागतोय की.”

मग भाचीने फोन हिसकावून घेतला. तिच्या शाळेचे दप्तर फार जड झाले आहे आणि ते पाठीवर घातले की ती उलाळ होते, असे ती म्हणाली. तिने हा शब्द वर्गातल्या एका मेक्सिकन मैत्रिणीलाही शिकवला आहे. “आत्या,” ती म्हणाली, “आणि गाडी पुढून जड झाली तर काय म्हणायचं?”

मी म्हटले, “आजीला विचार.”